अकरा दिवसांचं मौन

“ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं, रेश्मा बेटी. चाव्यांचा अख्खा जुडगा कुणाच्याच कमरेला बांधायचा नाही. प्रोग्रामच्या तर नाहीच नाही.” निवृत्तीच्या दिवशी टेबलाचा खण रिकामा करता करता लालमहंमदभाई हे म्हणाले होते; माझ्याआधी प्रयोगशाळेचं यंत्र तेच सांभाळत. पुढे आणखीही एक वाक्य होतं, पण तेवढ्यात खालून कुणीतरी पेढ्यांचा पुडा घेऊन वर आलं, हशा झाला आणि ते वाक्य मला ऐकू येऊनही माझ्यापर्यंत पोचलं नाही. आज सकाळी सव्वादहाला श्रीगोंद्याहून बजरंग नावाच्या माणसाचा फोन आला, तेव्हा ते वाक्य नाही, त्याची रिकामी जागा आठवली. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जात राहते तशी मी दिवसभर तिथे जात राहिले. बजरंग तिकडे कामगारांची खानावळ चालवतो. “म्याडम, पानी तपासायला दिलं व्हतं. रिपोर्ट आला मोबाईलवर. लई झ्याक हाय. फकस्त तारीख मागल्या दिवाळीची हाय. पानी तर मी परवा भरलं. तुमची मशीन माज्या आदी फराळ करून आली का काय?” तो मोकळेपणी हसला. मीही हसले, माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे त्याला ऐकू गेलं असेल असं नाही. बघून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. घसा कोरडा होता. आज निर्जळी एकादशी. सूर्योदयापासून उद्याच्या पारण्यापर्यंत पाण्याचा थेंब नाही. हा नेम मी सासरी आल्यापासून एकदाही मोडलेला नाही, त्यामुळे कोरड्या घशाचं काही वाटलं नाही. वाटलं ते त्या तारखेचं.

आमची प्रयोगशाळा पाण्याची. नगरला सावेडीतल्या एका दुमजली इमारतीत खाली बाटल्या, काचेच्या नळ्या आणि पांढरे कोट. वर एका खोलीत मी आणि सर्व्हर. मी पाणी तपासत नाही. पाण्याबद्दलचे दाखले ज्या यंत्रातून निघतात ते यंत्र सांभाळते. खालच्या मुली आकडे भरतात, यंत्र दाखला बनवतं, ‘अहवाल’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि ज्याचं पाणी त्याच्या मोबाईलवर दुवा पाठवतं. प्रत्येक विहिरीला, बोअरला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाचा एकच दाखला. नवा आला की जुन्यावर लिहिला जातो. मी ते फोल्डर उघडलं. शेवटची तारीख ज्येष्ठातल्या प्रतिपदेच्या आदल्या दिवशीची, अमावास्येची. त्यानंतर काहीच नाही. अकरा दिवस तिथे एक अक्षर उतरलं नव्हतं. खाली मुली आकडे भरत होत्या, यंत्र आकडे मिळाल्याची हिरवी खूण दाखवत होतं, लोकांना दुवे जात होते, आणि दुवा उघडला की जुना दाखला समोर येत होता. मागल्या दिवाळीच्या शिबिरातला. पाऊसकाळानंतरचा, भरल्या विहिरींचा. ‘पिण्यास योग्य.’

प्रतिपदेला मी काय केलं होतं ते मला पाठ होतं, कारण मी ते पूजेसारखं केलं होतं. आमचा प्रोग्राम यंत्राच्या आत एका बंद खोलीत राहतो; कंटेनर म्हणतात तिला. त्या खोलीला बाहेरच्या यंत्राचं एक फोल्डर जोडून दिलेलं असतं, भिंतीतल्या कोनाड्यासारखं: आतूनही हात जातो, बाहेरूनही. इतकी वर्षं आतला प्रोग्राम मालकाच्या हक्कानं वावरत होता, रूट म्हणून, म्हणजे शून्य क्रमांकाचा, ज्याला कुठेही मनाई नाही. उद्या कुणी भलता त्या प्रोग्रामात शिरला तर अख्ख्या घराच्या चाव्या त्याच्या हाती. लालमहंमदभाई ज्याला जुडगा म्हणत तो हा. म्हणून प्रतिपदेला पहाटे स्नान करून, जप आटोपून, मी प्रोग्रामला साधा माणूस केलं. त्याला क्रमांक दिला एक हजार. आधी माझ्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं, सगळं सुरळीत. सुरळीत असणारच होतं: माझ्या लॅपटॉपवर माझा स्वतःचा क्रमांकही एक हजारच आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. यंत्राला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. सर्व्हरवरचा कोनाडा शून्याच्या मालकीचा होता. एक हजारला तिथे वाचायची मुभा होती. लिहायची नव्हती. आज मी काळ्या पडद्यावर त्या खोलीत शिरून एक रिकामी फाईल लिहून पाहिली आणि उत्तर आलं, दोन शब्दांचं, ज्याचा अर्थ ‘परवानगी नाही’. अकरा दिवस ते उत्तर तिथे येत असणार, दर दाखल्याला, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

लहानपणी राहुरीला आत्याकडे देवघराच्या उंबऱ्याशी मला बसवलं जायचं. आत्या सोवळ्यात. तांब्याची कळशी, तिच्यावर ओलं फडकं. “बघायचं. शिवायचं न्हाई.” मी बघायची. तासन्‌तास बघायची. बघता बघता मला वाटू लागलं होतं की बघणं हेच माझ्या वाट्याचं काम आहे आणि ते मी नीट करते आहे. एकदा कळशीत पाल पडलेली मला दिसली होती. शिवायचं नव्हतं, आणि आत्या डोळे मिटून जपाला बसलेली, तेव्हा बोलायचंही नव्हतं. मी बसून राहिले. तिनं डोळे उघडून पळी कळशीत घातली तोवर मी बसून राहिले होते. मग किंचाळली ती, आणि मग मला विचारलं, “तुला दिसलं न्हाई व्हय गं?” मी म्हटलं, नाही. आयुष्यातलं पहिलं खोटं मी देवासमोर बोलले आणि तेही इतक्या हळू की देवाला ऐकू गेलं नसेल असं कितीतरी वर्षं मानत आले.

खालच्या मुलींनी भरलेले आकडे मात्र शाबूत होते. ते दुसऱ्या ठिकाणी साठतात, कोष्टकात. मी अकरा दिवसांचे नमुने काढले. सत्तावीस. त्यातले चोवीस ठीक, बजरंगचा त्यातच. तीन अयोग्य. पहिला एका मंगल कार्यालयाचा. मी फोन केला, तिथे महिनाभर लग्न नव्हतं. दुसरा एका नर्सरीचा. ते पाणी झाडांना जातं, माणसं जारचं पितात. दोन्ही फोन झाल्यावर मी तिसऱ्या ओळीकडे पाहिलं. ती आधीच दिसली होती. मुद्दाम शेवटी ठेवली होती. नेवासे तालुका, वस्तीवरची विहीर, नमुना आणणारी कडूबाई. नायट्रेट एकशे अडतीस. चालतं पंचेचाळीसपर्यंत.

कडूबाई नऊ दिवसांपूर्वी आली होती. कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी घेऊन, बाटली पदरात गुंडाळलेली, जसं काही त्या पाण्याला थंडी वाजत होती. खालच्या मुलींनी सांगितलं, आजी, अशा बाटलीत चालत नाही, आमची बाटली न्या आणि पुन्हा भरून आणा. ती बाकावर बसली, उठेना. मी जिन्यावरून उतरत होते. तिनं माझ्या कपाळाकडे, गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलं आणि एवढ्या लोकांत मलाच हाक मारली. “ओ माळकरी बाई, इकडं या. ह्या पोरी मला साठ किलोमीटर माघारी धाडत्यात.” नातू दोन महिन्यांचा, आदिनाथ. सुनेच्या अंगावर दूध आलं नाही, पावडरीचं पाजायचं. पोराला सारखं जुलाब. गावातल्या आशाताईनं सांगितलं, पाणी तपासून आण. त्या विहिरीचा मागल्या दिवाळीत आमच्याच शिबिरात फुकट दाखला झाला होता, तो चांगला होता, पण आता चहूकडे ऊस, खताच्या गोण्यांवर गोण्या, आणि विहीर तळाला गेलेली. मी मुलींना सांगितलं, बाटली स्वच्छ आहे, घ्या, नोंद करा तशी. चहा दिला. ती बशीत ओतून फुंकत फुंकत प्यायली. “बाई, कागदाचं मला काय कळत न्हाई. मोबाईल बी न्हाई घरी. फाट्यावरच्या बनुबाईच्या दुकानाचा नंबर लिवलाय. कागद काय बी म्हनू द्या, तुमी येऊन सांगा. तुमी सांगितलं म्हंजी मी मानीन.” मी म्हटलं, येईन. ती म्हणाली, “आसं न्हाई. माळंला हात लावून म्हना.” मी माळेला हात लावला. शब्द दिला की तो माझ्या नेमात बसतो. अकरा नेम आहेत माझे, हा बारावा झाला. मग दुसऱ्या दिवशी दुवा गेला, हिरवी खूण आली, दाखल्यावर ‘योग्य’ एवढंच मी पाहिलं, आणि मनाशी म्हटलं, पाणी चांगलं निघालं, आता जायची घाई नाही, चातुर्मास लागण्यापूर्वी सवडीनं जाऊन येऊ. निघताना तिनं विचारलं होतं, “तवर काय करू?” आणि मी, माझ्या त्या शांत, समजूतदार आवाजात, ज्याचं सगळे कौतुक करतात, म्हटलं होतं, “तोवर पाणी उकळून पाजा. चांगलं खळखळून उकळा.”

काकासाहेब खालच्या खोलीत होते. प्रयोगशाळा त्यांची, रसायनशास्त्र त्यांचं. मी दारात उभी राहून विचारलं, “एकशे अडतीस नायट्रेट असलं आणि पाणी उकळलं तर?” त्यांनी मान वर केली नाही. “उकळल्यानं जंतू जातात. नायट्रेट कुठे जाणार? पाणी उडून जातं, ते मागे राहतं. जितकं उकळाल तितकं दाट.” मग मान वर केली. “का? कुणी पितंय का?” मी म्हटलं, दोन महिन्यांचं मूल. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. तान्ह्या पोरांच्या रक्ताला ते सोसत नाही, म्हणाले. रक्त प्राणवायू वाहायचं सोडतं. आधी ओठ निळे पडतात, मग नखं. त्यांच्यामागे खिडकीत उन्हानं काचेच्या नळ्या चमकत होत्या आणि प्रत्येक नळीत पाणी इतकं स्वच्छ दिसत होतं की माझी जीभ टाळूला चिकटली.

बनुबाईच्या दुकानाचा फोन वाजत राहिला. वाजताना मी मोजत होते. मला मोजायची सवय आहे, मण्यांची. चौदाव्या घंटेला तिनं उचलला. “कोन? नगरच्या लॅबच्या बाई? आवं मोठ्यानं बोला की, देवळात बोलल्यावानी काय कुजबुजताय!” मी मोठ्यानं बोलले, म्हणजे मला वाटलं मोठ्यानं. कडूबाईच्या विहिरीचं पाणी वाईट आहे, बाळाला पाजू नका, दाखला चुकीचा गेला. पलीकडे गिऱ्हाईकाला सुटे पैसे देत देत तिनं ऐकलं. “चुकीचा कसा? मीच तर मोबाईलात दावला तिला. योग्य म्हनून. नेवाशातून छापून आनला तिनं, देवापुढं ठेवलाय, हळदीकुकू लावून. म्हनली, नगरच्या बाईला यायला जमलं न्हाई पन शबूद पाळला.” मी विचारलं, बाळ कसं आहे. “हाय की. जुलाब थांबलं. पन मलूल झालंय. व्हट जरा जांभळं दिसत्यात. कडूबाई म्हनती दिष्ट लागली. मिरच्या उतरून टाकल्या, काजळाचं बोट लावलं. पानी तर दोन-दोन डाव उकळती. पातेल्यात निम्मं व्हईस्तवर. तुमीच सांगितलं ना?” मी तिला म्हटलं, आत्ता दुकान बंद करा आणि जा, आत्ताच्या आत्ता, उकळलेलं पाणी फेकून द्या, बाळाला नेवाशाच्या दवाखान्यात न्या, मी गाडीला फोन करते. “जाते बाई, जाते. चपला घातल्या बगा. पन खरं सांगू? ती माजं ऐकायची न्हाई. तिच्या सुनंचं न्हाई ऐकत. म्हनंल, बनुबाई, तू नगरच्या बाईपरीस शानी का? बाईनं सांगितलंय उकळ, आनि कागद म्हनतो योग्य. तुमचं ती ऐकंल. तुमीच या.” मग, फोन ठेवता ठेवता, “एकादशी हाय ना आज. उपाशी असाल. सावकास या.” सावकाश हा शब्द माझ्या कानात पालीसारखा बसून राहिला. रुग्णवाहिकेला फोन केला. नेवाशातून गाडी निघेल म्हणाले, फाट्यावर वाट दाखवायला कुणीतरी उभं करा. बनुबाईला परत लावला. आता फोन नुसता वाजत होता. गेली असणार, मोबाईल गल्ल्यावर ठेवून.

खरा प्रश्न माझ्यापुढे अजून उभा राहायचा होता, तो असा: अकरा दिवस यंत्र ओरडलं कसं नाही? आणि उत्तर मला ठाऊक होतं, फक्त मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. लालमहंमदभाईंच्या काळात जरा कुठे अडलं की त्यांच्या मोबाईलवर घंटा वाजायची. जेवताना, नमाजाला निघताना. ते चिडायचे नाहीत. “वाजू दे. वाजतंय म्हणजे जिवंत आहे,” म्हणायचे. ते निवृत्त झाल्यावर ती घंटा माझ्याकडे आली. पहाटे सहा ते आठ माझं मौन असतं, माळ असते. चैत्रात दोन-तीनदा नको त्या वेळी वाजली, क्षुल्लक कारणानं. जप मध्येच तुटला, पुन्हा पहिल्या मण्यापासून. तेव्हा मी यंत्राला सांगितलं: फोनवर नको सांगू. वहीत लिहून ठेव, मी सवडीनं बघेन. ती वही, ‘नोंदी’, मी त्याच ‘अहवाल’च्या कोनाड्यात ठेवली होती. तो तर शून्याच्या मालकीचा. म्हणजे आतला तो बिचारा एक हजार क्रमांकाचा माणूस दाखला लिहायला गेला, हात अडला. तक्रार लिहायला गेला, पुन्हा हात अडला. अकरा दिवस तो बंद खोलीत तोंडावर हात दाबल्यासारखा उभा. आणि वर, अगदी त्याच वेळी, मी डोळे मिटून, देवाचं नाव घेत, स्वस्थ. माझ्या शांततेचा मला किती अभिमान होता! आत्ता वाटलं, ती शांतता एका कोनाड्यासारखीच आहे. सगळ्यांना आत बघता येतं, कुणाला काही लिहिता येत नाही.

आणि मग ते निसटलेलं वाक्य आलं. पेढ्यांच्या वासासकट आलं. लालमहंमदभाई खणातली जुनी घड्याळं, पेनं पिशवीत टाकत म्हणाले होते: “पण एक ध्यानात ठेव. ज्याला नाही म्हणशील, त्याचा आवाज बंद करू नकोस. मनाई झाली की बोंब झालीच पाहिजे.”

काकासाहेब जिना चढून वर आले. ते सहसा वर येत नाहीत, गुडघे दुखतात. त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं. “दुरुस्त व्हायला किती वेळ?” मी म्हटलं, एक ओळ. कोनाड्याची मालकी शून्याकडून एक हजारला द्यायची. “मग दे. आणि हे बघ रेश्मा, दाखला काढशील त्यावर तारीख आठ दिवसांपूर्वीची टाक. आकडे तेव्हाचेच आहेत, त्यात खोटं काही नाही. आपण वेळेवर दिला, त्यांनी बघितला नाही. शंभर जणांची पोटं आहेत या जागेवर. तुझ्याकडे जुडगा आहे, कोणतीही तारीख लिहिता येते तुला.” ते हळू बोलत होते, माझ्यासारखंच. त्यांच्या आवाजात धमकी नव्हती. काळजी होती, आणि तीच मला भयंकर वाटली, कारण ती माझ्या ओळखीची होती. तुला दिसलं न्हाई व्हय गं? नाही. इतकंच म्हणायचं होतं. यंत्रात कुणाला दिसलं नसतं. शून्य क्रमांकाला कोणी विचारत नाही. मी ती एक ओळ लिहिली आणि बटण दाबलं. काही झालं नाही, म्हणजे सगळं झालं. अशा वेळी यंत्र काही बोलत नाही. दाखला कोनाड्यात उतरला. मी तो छापला. पिण्यास अयोग्य. तारीख आजची. खाली मोकळ्या जागेत पेनानं लिहिलं: आकडा आठ दिवसांपूर्वीच मिळाला होता, कळवायला उशीर झाला तो माझ्या चुकीनं. नाव लिहिलं. काकासाहेब वाचत होते. “या कडूबाईला वाचता तरी येतं का?” असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “नाही. म्हणूनच वाचून दाखवायचंय.” एवढं बोलून मी घंटा पुन्हा माझ्या फोनवर जोडली, पूर्ण आवाजात, चोवीस तास. सहा ते आठही.

खालून वीस लिटरचा पाण्याचा जार उचलला. मुलींपैकी एकजण म्हणाली, “मॅडम, तुमचा आज कडक उपवास ना? इतकं ओझं!” रिक्षानं तारकपूरच्या स्टँडवर आले. नेवाशाची गाडी लागलेली होती. ऊन फलाटावर पसरलेलं, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, आणि घशात वाळू. जार सीटजवळ ठेवायला मला दोनदा दम घ्यावा लागला. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, “बाई, नदीकाठच्या गावाला पाणी घेऊन चाललाय? कमाल आहे.” शेजारच्या दोघी हसल्या. मी बनुबाईला पुन्हा लावला. वाजत राहिला. ओठ निळे, मग नखं. पातेल्यात निम्मं होईपर्यंत. कितीदा? दिवसाला सहा बाटल्या, आठ दिवस. पुढचा गुणाकार मी केला नाही. माळ बोटांत होती पण मणी सरकत नव्हते. कडूबाईच्या दारात गेल्यावर ती आधी काय करेल ते मला माहीत होतं: उन्हातून आलेल्या बाईपुढे तांब्या धरेल, त्या विहिरीचा, दोनदा उकळलेला, आणि मी काही म्हणायच्या आधी माझ्याकडे विश्वासानं बघेल. किंवा अंगणात माणसं जमलेली असतील आणि कुणी तांब्या धरणार नाही.

गाडी सुरू झाली. जारमधलं पाणी हललं आणि प्लॅस्टिकला आतून हळूच थापट्या मारू लागलं. मांडीवर कागद. तो कडूबाईला, तिच्या सुनेला, बनुबाईला, अंगणात जी कोणी माणसं असतील त्यांना ऐकू जाईल असा वाचायचा होता आणि देवापुढचा हळदीकुंकवाचा कागद माझ्या हातानं उचलायचा होता. देवासमोरून वस्तू उचलायची माझी हिंमत होत नाही, आजवर झालेली नाही. इमामपूरच्या घाटाच्या बाजूला ढग नव्हते, काहीच नव्हतं, पांढरं आभाळ. मी ओठ ओले करायला जीभ फिरवली, ती तशीच कोरडी परत आली. मग मी घसा खाकरला आणि म्हणून पाहिलं, “पाणी उकळू नका.” शेजारच्या बाईनं मान वळवली नाही. पुन्हा म्हटलं, जरा वर. दोघी बोलतच राहिल्या. तिसऱ्यांदा मी दोन्ही हातांनी जार धरला, डोळे उघडे ठेवले, आणि गाडीतल्या शेवटच्या बाकावरच्या माणसानं वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे पाहावं इतक्या मोठ्यानं म्हटलं.